‘खात नाही’ म्हणजे नेमकं काय?

चार वर्षांपूर्वी आमच्या ठकी मांजरीला डॉक्टरांकडे घेऊन गेले तेव्हा माझ्याकडे एकच वाक्य होतं: "हल्ली नीट खात नाही, बारीक झालीये." डॉक्टरांनी तिच्या पाठीवरून बोटं फिरवली आणि विचारलं, "खात नाही म्हणजे नेमकं काय? वाटीपाशी येतच नाही? येते आणि हुंगून परत जाते? की घास तोंडात घेऊन टाकते?" मला सांगता येईना. घरात आम्ही चौघं. ज्याला आठवेल तो येता-जाता तिच्या वाटीत मूठभर दाणे टाकायचा. वाटी कधी भरलेली दिसायची, कधी रिकामी. ती ठकीने रिकामी केली की गॅलरीतून येणाऱ्या बोक्याने, हेही कुणी पाहिलेलं नव्हतं. मग त्यांनी मागचं वजन विचारलं. ते लसीच्या कार्डावर सापडलं, वर्षभरापूर्वी 4.2 किलो. त्या दिवशी काटा 3.5 वर थांबला.

सातशे ग्रॅम ऐकायला एवढंसं वाटतं. पण 4.2 किलोतले 700 ग्रॅम म्हणजे शरीराचा सहावा हिस्सा. साठ किलोच्या माणसाचे दहा किलो आपोआप उतरले, तर घरचे त्याला ओढत दवाखान्यात नेतील. ठकीचे ते आमच्या डोळ्यांदेखत उतरले आणि आम्हाला दिसले नाहीत.

न दिसण्याला कारणं आहेत. अंगावरचे केस शरीराचा आकार झाकून टाकतात. नसबंदी झालेल्या बऱ्याच मांजरांच्या पोटाखाली कातडीची सैल झोळी लोंबते, त्यामुळे मांजर जाडच आहे असं वाटत राहतं. आणि वय झालेल्या मांजराचे कण्यावरचे आणि मांड्यांचे स्नायू झिजत असताना पोट तसंच राहू शकतं. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवायचा. आपला पंजा टेबलावर पालथा ठेवून त्याच्या पाठीवरून बोट फिरवा. हाडं जशी पातळ थराखाली लागतात, तशा मांजराच्या बरगड्या लागायला हव्यात. मूठ आवळल्यावर बोटांचे सांधे जसे टोकदार लागतात तशा लागल्या, किंवा पाठीचा कणा मण्यांच्या माळेसारखा हाताला आला, तर मांजर रोडावलंय.

त्याहून पक्कं साधन म्हणजे काटा. मांजराला कडेवर घेऊन घरातल्या डिजिटल काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. हे काटे 100 ग्रॅमच्या टप्प्यानं दाखवतात, त्यामुळे दोन-तीनदा करून पाहावं. लहान बाळांचा काटा मिळाला तर फारच उत्तम, आणि पिल्लांसाठी स्वयंपाकघरातला काटा पुरतो. काटा दर वेळी तोच हवा. तरुण मांजराचं महिन्यातून एकदा आणि दहा वर्षांच्या पुढच्या मांजराचं पंधरा दिवसांनी वजन करावं. वजन कमी करायचा आपला काही प्रयत्न नसताना शंभरातले पाच भाग गेले, म्हणजे चार किलोच्या मांजराचे 200 ग्रॅम, की डॉक्टरांना दाखवायचं. दहा भागांची वाट पाहायची नाही.

मांजराला उपास झेपत नाही

आपण एकादशीला दिवसभर काही न खाता राहतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला जातो. धडधाकट कुत्राही एक-दोन दिवस खाण्याशिवाय काढतो. मांजराचं शरीर या बाबतीत वेगळं आहे आणि ते समजून घेतलं तर ‘उद्या बघू’ म्हणायची हिंमत होत नाही.

मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. आपल्या यकृताला प्रथिनं कमी मिळाली की ते प्रथिनं जाळण्याचं काम मंदावतं. मांजराच्या यकृताला हे फारसं जमत नाही. त्याची भट्टी सतत पेटलेली असते, बाहेरून प्रथिनं आली नाहीत तर ती स्वतःचे स्नायू जाळते. त्याच वेळी अंगातली चरबी सुटून ऊर्जेसाठी यकृताकडे धावत येते. ही चरबी वापरायला किंवा बांधून पुन्हा रक्तात पाठवायला यकृताला पुन्हा प्रथिनंच लागतात, आणि ती तर बंद झालेली असतात. मग चरबी यकृताच्या पेशींतच साचत जाते. यकृत फुगतं, काम सोडतं, त्यामुळे मळमळ वाढते, आणि मळमळीमुळे उरलंसुरलं खाणंही सुटतं. या आजाराला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. काही दिवसांच्या उपाशीपणात तो सुरू होऊ शकतो. सर्वांत जास्त धोका कुणाला? गुबगुबीत मांजराला. ‘जाडच आहे, दोन दिवस नाही खाल्लं तर काय बिघडलं’ हा विचार म्हणूनच घातक आहे. जाड मांजराला घरच्या घरी एकदम उपाशी ठेवून बारीक करणंही त्याच कारणानं चुकीचं.

कानाची आतली बाजू, हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसू लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. या आजारावर मुख्य औषध अन्नच असतं. मांजर स्वतः खात नाही म्हणून मानेतून अन्ननलिकेत एक मऊ नळी बसवतात आणि तिच्यातून पातळ केलेलं अन्न दिवसातून चार-सहा वेळा देतात, कधी कधी कित्येक आठवडे. नळीचं नाव काढलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण जबरदस्तीनं तोंडात कोंबण्यापेक्षा ती मांजराला फार सुसह्य असते; नळी असलेली मांजरं घरभर फिरतात, उन्हात झोपतात आणि नळीसकट स्वतः खाऊही लागतात. डॉक्टरांनी नळी सुचवली तर ‘आता काही राम नाही’ असा अर्थ काढू नका. वेळेवर नळी बसलेली बरीच मांजरं यातून पूर्ण बरी होतात.

म्हणून मी घरात एक नियम केला आहे. मोठ्या मांजरानं 24 तास काहीच खाल्लं नाही, किंवा तीन दिवस निम्म्याहून कमी खाल्लं, तर डॉक्टरांना फोन. पिल्लाच्या बाबतीत 12 तासही फार. पाहुणे आले, फटाके वाजले, घर बदललं, रंगकाम निघालं, नवं मांजर आलं, तर मांजर एखाद दिवस खाणं टाळतं, हे खरं आहे. आपण म्हणतो, रुसलीये. पण 24 तासांच्या पुढे लांबला तर तो रुसवा नव्हे.

हुंगून परत जाते, की तोंडातून टाकते?

डॉक्टरांच्या त्या प्रश्नाचं महत्त्व मला नंतर कळलं. ‘खात नाही, बारीक झालीये’ या एकाच तक्रारीच्या आत तीन निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात, आणि प्रत्येक गोष्ट शरीराच्या वेगळ्या भागाकडे बोट दाखवते.

घरी आल्यावर दोन दिवस मी ठकीच्या वाटीपाशी बसून राहिले. ती यायची, वाकायची, हुंगायची, ओठ चाटायची, एक घोट गिळल्यासारखं करायची आणि मागे फिरायची. एकदा तर वाटीच्या कडेला पंजानं उकरलं, शी केल्यावर मातीनं झाकते तसं. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा डॉक्टर लगेच म्हणाल्या, "म्हणजे मळमळतंय तिला." भूक असावी, पण वासानं पोट ढवळावं, अशी ती अवस्था. त्यांनी उलटी थांबवणारं, मॅरोपिटंट नावाचं इंजेक्शन दिलं आणि त्या रात्री ठकीनं पाऊण वाटी खाल्लं. मळमळ आली कुठून हा प्रश्न पुढे उरलाच, पण निदान पोटात काही जात होतं.

मळमळीचं मूळ किडनीत, यकृतात, स्वादुपिंडात किंवा आतड्यात असू शकतं. ताप असेल तरीही मांजर वाटीकडे पाठ फिरवतं. मांजराचं शरीर आपल्यापेक्षा मुळातच गरम असतं, साधारण 100.5 ते 102.5 फॅरेनहाइट, त्यामुळे अंगाला हात लावून ताप ओळखता येत नाही, थर्मामीटरच लागतो. आणि नाक चोंदलं असेल तर? मांजराची भूक नाकातून जागी होते. गोड चव तर त्याला कळतच नाही, त्यासाठी लागणारं जनुक मांजराच्या वंशात निकामी झालेलं आहे. वास आला नाही तर समोरचा बांगडा त्याच्यासाठी अन्नच नसतो. सर्दीनं नाक भरलेल्या मांजराचं नाक कोमट ओल्या कापसानं पुसून दिलं तर पुष्कळदा तेवढ्यानंही ते वाटीकडे वळतं.

दुसरी तऱ्हा अगदी वेगळी. मांजर धावत येतं, ओरडतं, घास घेतं, मग मान वाकडी करून एकाच बाजूनं चावतं, मधेच दचकून मागे सरतं किंवा दाणा तोंडातून टाकून देतं. त्याला खायचं आहे, पण खाता येत नाही. इथे तोंड बघायचं. मांजरांमध्ये दातांचा एक विचित्र आजार असतो, ज्यात शरीराच्याच पेशी दात पोखरत जातात. हिरडीच्या रेषेवर लालसर खड्डा दिसतो आणि तिथे आत्यंतिक वेदना असते. दुसरा आजार म्हणजे हिरड्यांपासून घशापर्यंत तोंड लालभडक सोलवटणं. त्यात लाळ गळते, तोंडाला घाण येते, आणि चाटणं बंद झाल्यामुळे केस मळकट, गुंतलेले दिसतात. यावर बऱ्याचदा दात काढून टाकावे लागतात. लोकांना हे ऐकवत नाही. पण दुखरे दात गेलेलं बोळकं मांजर मऊ अन्न मजेत खातं आणि त्याचं वजनही भरून येतं.

तोंड पाहताना जिभेखाली दोरा अडकलेला दिसला तर तो ओढू नका. शिवणाचा दोरा, हाराचा दोरा, मांजा यांचं एक टोक जिभेभोवती अडकतं आणि दुसरं आतड्यात खोल गेलेलं असतं. ओढला तर आतडं कापलं जातं.

खाते तर भरपूर, मग बारीक का?

तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी, कारण घरचे खूश असतात. बारा-तेरा वर्षांची मांजरी अचानक तरुणासारखी खाऊ लागते, रात्री घरभर ओरडत फिरते, आणि तरी दिवसेंदिवस हाडकुळी होत जाते. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली की असं होतं. 1979 मध्ये अमेरिकेत या आजाराचं पहिल्यांदा नीट वर्णन झालं. रक्तातल्या टी-4 या थायरॉइडच्या हार्मोनच्या तपासणीत तो सहसा पकडता येतो आणि रोजच्या गोळीनं आवरता येतो. मात्र गोळी सुरू झाल्यावर किडनी पुन्हा तपासावी लागते; थायरॉइडच्या जोरावर रक्ताचा ओघ वाढलेला असतो आणि त्याआड किडनीचा आजार लपलेला असू शकतो.

मधुमेहातही खाणं-पिणं वाढतं आणि वजन घटतं. जाड, नसबंदी झालेल्या, घरातच बसून असणाऱ्या बोक्यांना तो अधिक होतो. इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. नुसत्या घाबरण्यानंही मांजराची साखर दवाखान्यात खूप वर जाते. म्हणून एका आकड्यावर निदान न करता लघवीतली साखर आणि फ्रुक्टोसामीन ही गेल्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी तपासणी पाहतात. लवकर इन्सुलिन सुरू झालं आणि आहारातलं पीठ-धान्य कमी केलं तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही.

जंत हे कारण आपल्याकडे पहिल्यांदा तपासावं असंच आहे, विशेषतः बाहेर फिरणाऱ्या आणि उंदीर खाणाऱ्या मांजरात. शेपटीखाली किंवा झोपायच्या जागी तांदळाच्या कणीसारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. तो पिसवांमधून येतो, म्हणून पिसवा न घालवता नुसतं जंताचं औषध दिलं तर पुन्हा होतो.

आणि आतडं. मांजराला अधूनमधून उलटी व्हायचीच, केसांचा गोळा पडायचाच, असं आपण धरून चालतो. वर्षातून चार-दोनदा ठीक. दर आठवड्याला उलटी आणि त्यासोबत घटतं वजन, हे नेहमीचं म्हणून सोडून देऊ नये. आतड्याची जुनाट सूज आणि आतड्यातला संथ गतीचा लिंफोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, हे दोन आजार बाहेरून सारखेच दिसतात, सोनोग्राफीतही पुष्कळदा सारखेच. तुकडा काढून तपासल्याशिवाय फरक सांगणं अवघड जातं. दोन्हींत बऱ्याचदा बी-12 जीवनसत्त्व कमी पडतं, आणि ते इंजेक्शननं भरून काढल्यावर भूक सुधारते. स्वस्त उपचार आहे, आवर्जून विचारावा.

ठकीच्या बाबतीत उत्तर किडनीत सापडलं. बारा वर्षांच्या पुढच्या मांजरात हेच उत्तर वारंवार सापडतं. किडनीची गंमत नाही, दुर्दैव असं की तिच्याकडे राखीव क्षमता खूप असते. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसेपर्यंत साधारण पाऊण काम बंद पडलेलं असतं. एसडीएमए नावाची तपासणी त्याआधी इशारा देते. पण वजन त्याच्याही आधीपासून उतरू लागलेलं असतं. किडनीच्या आजाराचं निदान झालेल्या मांजरांच्या जुन्या नोंदी पाहिल्या तेव्हा कित्येकांचं वजन निदानाच्या दोन-तीन वर्षं आधीच घसरायला लागलं होतं. घरात दिसणारी खूण म्हणजे पाणी. शी-शूच्या मातीतले (लिटर) लघवीचे गोळे मोठे होतात, मांजर पाण्याच्या भांड्यापाशी रेंगाळतं, नळाखाली जाऊन बसतं. आमची ठकी बादलीच्या काठावर उभी राहून पाणी प्यायची आणि आम्ही तिचे फोटो काढायचो.

तरुण मांजरात चित्र निराळं असतं. दोन वर्षांखालचं मांजर खंगत चाललंय, अँटिबायोटिक देऊनही ताप उतरत नाही, पोट मात्र पाण्यानं फुगतंय, असं दिसलं तर एफआयपीचा संशय घेतात. मांजरांच्या कोरोना विषाणूचं हे बिघडलेलं रूप. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे निदान म्हणजे निरोपच असायचा. आता तसं नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ज्या रेमडेसिविरसाठी आपण रांगा लावल्या, त्याचं शरीरात गेल्यावर जे रूप होतं ते जीएस-441524. त्यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या नील्स पेडरसन यांच्या गटानं काम केलं आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत 31 पैकी 25 मांजरं वाचली. किमान 12 आठवड्यांचा तो उपचार होता. एफआयपी हा शब्द ऐकून कुणी मांजराला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवण्याचा निर्णय घेत असेल तर आधी या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

तोवर घरी काय करायचं

अन्न कोमट करा, उंदराच्या अंगाइतकं, म्हणजे बोटाला जेमतेम ऊब लागेल इतकं. फ्रिजमधल्या थंड अन्नाला वास नसतो. एकदम वाटीभर न देता चमचा-दीड चमचा उथळ बशीत ठेवा आणि अर्ध्या तासानं उचला. नुसत्या पाण्यात उकडलेलं बिनहाडाचं चिकन किंवा मासा आणि त्याचं कोमट पाणी भूक चाळवायला चांगलं. कांदा-लसूण मात्र अजिबात नको. त्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, आमटी-रश्श्यातलं उरलेलं देऊ नये ते यासाठी. सुक्या बोंबलाच्या वासानं रुसलेलं मांजरही उठून येतं हे मला माहीत आहे, पण त्यातलं मीठ आजारी किडनीला झेपत नाही.

दूधपोळीबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्या घराघरांत मांजर त्याच्यावरच वाढलेलं असतं. मोठ्या मांजरांना दुधातली साखर बऱ्याचदा पचत नाही, जुलाब होतात. त्याहून मोठी अडचण टॉरिनची. हा घटक मांसातच मिळतो, मांजराचं शरीर तो पुरेसा बनवू शकत नाही, आणि तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदयाचे स्नायू सैल पडतात. गावाकडची मांजरं दूधपोळीवर जगतात असं वाटतं, ती खरं तर उंदरांवर जगतात. फ्लॅटमधल्या मांजराला उंदीर कुठला?

तोंड उघडून घास कोंबू नका. मळमळत असताना बळजबरीनं भरवलेलं अन्न मांजर कायमचं नाकारू शकतं, शिवाय ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. आवडत्या खाण्यात औषध लपवणंही त्याच कारणानं टाळा. किडनीचं खास अन्न तर मळमळ थांबल्यावर, जुन्यात थोडं थोडं मिसळत, दोन-तीन आठवड्यांत आणा. न खाल्लेलं पथ्याचं अन्न कुणाच्याच उपयोगाचं नाही. अगदीच अडलं तर जे खाईल ते द्या.

घरातली औषधं नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निष्प्रभ करण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात फारच दुबळी असते. भूक वाढवणारी औषधं आहेत, मर्टाझापीन त्यातलं मुख्य. पण माणसांच्या गोळीचा अगदी छोटा अंश मांजराला लागतो, आणि किडनी दुखावलेली असेल तर दोन मात्रांमधलं अंतर वाढवावं लागतं. ते गणित डॉक्टरांचं.

बोका वारंवार मातीत बसतोय, कण्हतोय आणि लघवीचा थेंबही येत नाही, तर हे सगळं बाजूला ठेवून रात्री दोन वाजताही निघायचं. मूत्रमार्ग बंद पडला की एक-दोन दिवसांत प्राण जातो.

मांजरांचा वेगळा डॉक्टर प्रत्येक गावात नसतो. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरांचीच गर्दी असते, तरी वजन, ताप, सलाईन आणि रक्ताचा नमुना एवढं तिथेही होतं. मुंबईत परळला 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या महाविद्यालयांतही जनावरं तपासतात. रक्त माणसांच्या लॅबमध्ये तपासलं असेल तर अहवालावर छापलेल्या ‘नॉर्मल’च्या मर्यादा वाचून घाबरू नका किंवा निर्धास्तही होऊ नका. त्या माणसांच्या असतात. क्रिएटिनिन 1.5 हा आकडा माणसात जास्त मानतात, मांजरात तो निरोगी असतानाही दिसू शकतो.

जाताना वजनांची नोंद, उलटीचा किंवा खाण्याच्या तऱ्हेचा फोनवर काढलेला व्हिडिओ, आणि चालू अन्नाच्या पाकिटाचा फोटो न्यावा. टेबलावर भेदरून बसलेलं मांजर घरी कसं वागतं हे डॉक्टरांना तिथे दिसत नाही.

ठकीला आठवड्यातून दोनदा कातडीखाली सलाईन द्यायला मी शिकले. खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची, सुई सरकवायची, आणि 100 मिली आत जाईपर्यंत तिच्या कपाळावर बोट फिरवत बसायचं. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते, तिसऱ्या आठवड्यात ती त्यातच डुलक्या घेऊ लागली. फ्रिजवर अडकवलेल्या वहीत त्या सहा महिन्यांची वजनं अजून आहेत: 3.5, 3.5, 3.4, 3.6, 3.7, 3.8.